गंजाचे भाट

ओसाड करमणूक उद्यानांचे फोटो आता यंत्रही रचू लागलं आहे. जगात कुठेच नसलेला आकाशपाळणा, त्यावर चढलेल्या वेली, मागे धुकं, पुढे डबक्यात पडलेलं प्रतिबिंब. लोक खरं समजून हळहळतात आणि छायाचित्रकार मंडळी संतापतात. मला त्या संतापाचंच हसू येतं. इतकी वर्षं तुम्हीच एकच फोटो पुन्हा पुन्हा काढत होता. यंत्राने तो पाठ केला, एवढंच.

युक्रेनमधल्या ओसाड प्रिप्यात शहराचंच पाहा. तिथला पिवळ्या डब्यांचा पाळणा १ मे १९८६ला समारंभाने सुरू व्हायचा होता आणि २६ एप्रिलला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. या दोन तारखांवर कुणी आणखी मीठमसाला घालावा असं काही उरत नाही. तरीही कुणीतरी बालवाडीतल्या बाहुल्या उचलून खाटांवर बसवल्या, त्यांच्या तोंडांवर गॅस मास्क चढवले, आणि मागून आलेल्यांनी ती आरास पुरावा म्हणून टिपली. छायाचित्रकार रॉबर्ट पोलिडोरीच्या २००३च्या ‘झोन्स ऑफ एक्सक्लूजन’ या पुस्तकात निदान अणुभट्टीचा नियंत्रण कक्ष तरी आहे. अपघात माणसांच्या हातून झाला हे त्या पुस्तकात दिसतं. नंतरच्या गर्दीच्या फोटोंत तो जणू हवामानामुळे झाला.

जपानमधल्या नारा ड्रीमलँड या बंद उद्यानावर (१९६१ ते २००६) तर लेन्सची जत्राच भरली. रुळांवर उगवलेलं गवत सुंदर होतं, मान्य. पण दहा-बारा फोटोंनंतर ते फक्त गवत राहतं. ड्रोनवाल्यांबद्दल बोलायचं तर उंचीवरून सगळीच उद्यानं सारखी दिसतात. चित्रकार बँक्सीने २०१५मध्ये उभारलेलं ‘डिस्मलँड’ उद्यान ही मुद्दाम बनवलेली उदासी होती, आणि तिच्यासाठी तिकीट काढावं लागत होतं हा त्यातला एकमेव बरा विनोद.

मला आवडतात ते परत जाणारे. कॅमिलो होसे व्हेरगारा १९७०च्या दशकापासून अमेरिकेतल्या हार्लेम, न्यूअर्क, कॅम्डेन, डेट्रॉइटमधल्या त्याच इमारतींसमोर, जमेल तेव्हा त्याच कोनातून उभा राहतो आहे. त्याचा एकटा फोटो बहुधा साधाच असतो. चार शेजारी शेजारी ठेवले की दुकानाची पाटी बदललेली दिसते, मग खिडकी विटांनी बुजवलेली, मग रिकामा प्लॉट, आणि आपण आपोआप विचारतो की हे कुणी केलं. हार्वे स्टाइन १९७०पासून न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला, समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या करमणुकीच्या जागी, जातो. त्याच्या चाळीस वर्षांच्या कामाचं पुस्तक २०११मध्ये आलं. त्यात पडझडीपेक्षा माणसं जास्त आहेत: किनाऱ्यावर लोळणारी, पोझ देणारी, म्हातारी होत गेलेली. जागा मोडकळीला आली तेव्हाही लोक तिथे येत होते, ही बातमी ओसाडपणाच्या उपासकांना नकोशी असते. त्यांना चौकटीत माणूस चालत नाही.

कोनी आयलंड मी मुद्दाम काढलं. तिथलं स्टीपलचेस पार्क १९६४ला बंद पडलं. पुढच्या वर्षी बिल्डर फ्रेड ट्रम्प यांनी ते विकत घेतलं, कारण त्यांना तिथे निवासी इमारती बांधायच्या होत्या. १९६६मध्ये त्यांनी पाडकामाची मेजवानी दिली आणि उद्यानाच्या हसऱ्या चेहऱ्याचं चित्र असलेल्या काचेच्या दर्शनी भागावर पाहुण्यांना विटा फेकायला लावल्या. इमारती शेवटी झाल्याच नाहीत. २००१मध्ये तिथे बेसबॉलचं मैदान आलं. जवळचा थंडरबोल्ट हा रोलर कोस्टर १९८२ला थांबला आणि वेलींनी झाकून गेला. ‘ॲनी हॉल’ चित्रपटात दिसणारं, रोलर कोस्टरखालचं घर याच्याच खाली होतं. नोव्हेंबर २०००मध्ये धोकादायक ठरवून न्यूयॉर्क महापालिकेने तो पाडला. मालक कोर्टात गेला आणि ज्यूरीने हे पाडकाम असमर्थनीय ठरवलं. आता सांगा, त्या वेलींच्या फोटोला यातलं काय ठाऊक आहे? वीट फेकणारा हात, बिल्डरचा नकाशा, नगररचनेचे नियम, कोर्टाचा निकाल यातलं काहीही चौकटीत नाही, आणि खाली ओळ मात्र ‘निसर्गाने परत घेतलं’. निसर्गाने काही घेतलेलं नव्हतं. व्यवहार अडला होता आणि तोवर वेल वाढली.

आपल्याकडच्या जत्रेतला आकाशपाळणा ओसाड पडत नाही. मालक तो उलगडून ट्रकवर चढवतो आणि पुढच्या गावी जातो. पाळणा जमिनीत रोवला की त्याचं नशीब जमिनीच्या भावाशी बांधलं जातं. दिल्लीचं अप्पूघर १९८४ला उघडलं आणि २००८ला बंद झालं. जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी हवी होती. तिथे शेवाळ धरायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून त्याचा अल्बम नाही. म्हणजे कोणतं उद्यान ‘गूढ’ दिसणार आणि कोणतं नाहीसं होणार, हे छायाचित्रकाराच्या आधी मालक, बँक नाहीतर सरकार ठरवून मोकळं होतं. छायाचित्रकार उरतो भाट म्हणून.

यावर ठरलेलं उत्तर येतं की फोटोने कागदपत्रांचं काम का करावं, तो तर भावनेचा विषय. ठीक. पण मग मथळ्यात ‘शापित’, ‘काळाने गिळलेलं’ अशी माहिती देऊ नका, कारण ती माहितीच आहे आणि खोटी आहे. उद्या कुणी मुंबईतल्या गोराईच्या बंद एस्सेलवर्ल्ड उद्यानाकडे कॅमेरा घेऊन निघालाच, तर त्याने थांबलेल्या राइड्सच्या आधी आसपासचे सातबारा उतारे पाहावेत, मग बोटीने कामाला येणाऱ्यांचं पुढे काय झालं ते विचारावं, आणि जमिनीसाठी मोर्चे काढलेल्या गोराई-मनोरी-उत्तनच्या लोकांचे चेहरेही टिपावेत. प्रदर्शन रूक्ष होईल म्हणता? होऊ दे. धुक्यासाठी चार वाजता उठणाऱ्याला तलाठ्याकडे जायला वेळ मिळत नाही, हे मी मानायला तयार नाही.