अर्धेच वाचलेले बेट

दिवाळीची सुटी जवळ आली, की प्रवासी कंपन्यांची गुळगुळीत पत्रके घरोघर येऊन पडतात. मॉरिशसच्या पत्रकावर निळे पाणी, पांढरी वाळू आणि एक नवविवाहित जोडपे हटकून असते. पुष्कळदा मार्क ट्वेनच्या नावावर एक दाखलाही असतो, की आधी हे बेट घडले आणि त्याबरहुकूम मग स्वर्ग. ट्वेन १८९६ साली तिथे गेला होता, हे खरे. पण १८९७ च्या त्याच्या प्रवासवर्णनात ही बढाई एका बेटवासीयाची आहे, आणि तिला लागूनच दुसऱ्याची कुरकुर आहे: ही अतिशयोक्ती झाली; पोर्ट लुईत कोणी खुशीने राहत नाही आणि क्यूरपीपला पाऊस काही खळत नाही! पत्रकाने पहिले बोलणे उचलले, दुसरे गाळले.

अर्धे वाचण्याची ही खोड जुनी आहे. तिचे मूळ एका कादंबरीत सापडते. बेर्नार्दँ द सँ-प्येर हा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० या काळात इंजिनिअर म्हणून या बेटावर होता. तेव्हा तिथे फ्रेंचांचे राज्य होते. १७७३ च्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने गुलामांवरचे अत्याचार संतापाने नोंदवले. त्यानंतर १७८८ साली त्याच लेखणीतून ‘पॉल आणि विर्जिनी’ उतरली. निसर्गाच्या कुशीत वाढलेली दोन मुले, त्यांचे निष्पाप प्रेम, आणि शेवटी वादळात फुटलेले जहाज. नेसती वस्त्रे उतरवून पाण्यात उडी घेण्यापेक्षा विर्जिनी मरण पत्करते. या कथेने युरोपला रडवले आणि उष्ण कटिबंधातल्या बेटाचे एक लोभस चित्र घरोघर टांगले.

हे चित्र खोटे आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इथली झाडे, डोंगर, ऊन-पाऊस लेखकाने डोळ्यांनी पाहिले होते; त्याच्या वर्णनांचा ताजेपणा अजून टिकून आहे. पण या सुखी कुटुंबांच्या घरी राबणारेही गुलामच आहेत, आणि त्यांची स्वामिनिष्ठा लेखकाला निसर्गनियमासारखी सहज वाटते. एका प्रसंगात मात्र सत्य डोके वर काढते. छळाला कंटाळून पळालेली एक गुलाम स्त्री विर्जिनीपाशी येते. विर्जिनी तिला जेवू घालते, आणि मग काळ्या नदीकाठच्या मालकाकडे स्वतः परत नेऊन पोचवते. तिच्या शब्दाखातर मालक क्षमा करतो. पुढे कळते, की त्या स्त्रीच्या पायात साखळी आणि गळ्यात लोखंडी पट्टा अडकवला आहे. दया आहे, पण सुटका नाही. साऱ्या कादंबरीचे दुखणे या प्रसंगात आहे.

क्यूरपीपला प्रॉस्पेर देपिने याचे शिल्प आहे: विर्जिनीला उचलून ओढा पार करणारा पॉल. कादंबरीत हे घडते ते त्या स्त्रीला मालकाच्या हवाली करून परत येताना. शिल्पात अर्थातच ती नाही. शिल्पकाराचे वडील आद्रियँ देपिने हे गुलाममालकांचे वकील. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा सुमारे २० लाख पौंडांची भरपाई मालकांना मिळाली. गुलामांना काही नाही.

किनाऱ्याचीही अशीच कथा. १८०७ मध्ये फ्रेंच गव्हर्नर देकाँ याने बेटाच्या संरक्षणासाठी समुद्रकाठची पन्नास भूमितीय पावले, म्हणजे सुमारे ८१ मीटरची पट्टी, सरकारी म्हणून राखून ठेवली. १८१० मध्ये इंग्रज आले तरी पट्टी सरकारचीच राहिली. पुढे भाडेपट्ट्याने तिच्यावर बंगले आणि हॉटेले उभी राहिली. तोफांसाठी राखलेल्या जागेवर आज आरामखुर्च्या मांडल्या जातात! पळालेले गुलाम ज्या ल मॉर्न डोंगरात लपत, त्याच्या पायथ्याशीही हॉटेले आहेत.

गुलाम गेले, तशी उसाच्या मळ्यांना नवी माणसे लागली. १८३४ ते १९२० पर्यंत भारतातून सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर मॉरिशसला उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्या जहाजांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी भाषा जपली. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. कादंबरीत आणि पत्रकात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांत आपलीही माणसे आहेत, हे मराठी वाचकाने विसरू नये.

म्हणून मॉरिशसला जाऊ नये काय? अवश्य जावे. समुद्र कोणाच्या पापाचा धनी नाही, आणि पर्यटनावर तिथली कित्येक घरे चालतात. मात्र एक दिवस वाळू सोडून पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जावे. पहिल्या मजुरांच्या आगमनाची आठवण तिथे २ नोव्हेंबरला करतात. म्हणजे बहुधा आपल्या दिवाळीच्या आगेमागेच. त्या पायऱ्यांवर क्षणभर उभे राहिले, की पत्रकाने गाळलेले दुसरे वाक्य आपोआप वाचता येते.