श्रेय लहरींचे की उष्णतेचे?

झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी परीक्षानळीत तापवली की पिवळी होते आणि थंड झाली की पुन्हा पांढरी. शाळेतला हा जुना प्रयोग. उष्णतेने पदार्थाचे प्रकाशीय गुणधर्म बदलतात हे त्यात डोळ्यांना दिसते. हीच भुकटी मायक्रोवेव्ह भट्टीत तयार केली तर 'मायक्रोवेव्हमुळे प्रकाशीय गुणधर्म सुधारतात', असे सांगणाऱ्या शोधनिबंधांचा सध्या सुकाळ आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही हे वाक्य जसेच्या तसे उतरते. आमचा आक्षेप त्या वाक्यालाच आहे.

झिंक ऑक्साइडमधील इलेक्ट्रॉनला खालच्या ऊर्जापट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायला सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. हाच त्याचा बँड गॅप. म्हणून ही भुकटी सुमारे ३७५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषते. भट्टीतील २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींचा फोटॉन मात्र जेमतेम एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एक लाखांश भागाइतका! तो बँड गॅपला थेट हात कसा लावणार? लहरी पदार्थ तापवतात, तेही आतून आणि झपाट्याने. त्यामुळे कणांना वाढायला वेळ मिळत नाही, स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहू शकतात आणि त्याचा परिणाम शोषणावर दिसतो.

तेव्हा तुलना समान तापमानाला, समान वेळेची हवी. निबंधांत पाहावे तर मायक्रोवेव्हची दहा मिनिटे एकीकडे आणि मफल भट्टीतले चार तास दुसरीकडे! आम्हीही पूर्वी असा एक निबंध लिहिला आहे. तापमान मोजले भांड्याच्या बाहेरच्या बाजूला, आणि आतही तेवढेच असेल असे धरून चाललो. बँड गॅपमधला फरक निघाला ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आलेखावरची स्पर्शरेषा किंचित तिरकी ओढली तरी एवढा फरक पडतो, हे तेव्हा सुचले नाही, की सुचू दिले नाही, कोण जाणे.

ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात कॅपे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली फार सोपी युक्ती केली. त्यांनी काचेऐवजी सिलिकॉन कार्बाइडच्या कुप्या वापरल्या. ही कुपी लहरी स्वतः शोषून तापते, आतल्या द्रवापर्यंत त्या जवळजवळ पोहोचूच देत नाही. म्हणजे उष्णता तेवढीच, लहरी नाहीत. तपासलेल्या बहुतेक अभिक्रियांचे निकाल काचेच्या कुपीतल्यासारखेच आले. त्या अभिक्रिया मुख्यतः सेंद्रिय होत्या हे खरे, पण ऑक्साइडवर लिहिणाऱ्यांना एवढी काळजी घ्यायला कोणी अडवले आहे?

असा प्रकल्प हाती आला तर शिक्षकांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत. तापमान नेमके कुठे मोजले? आणि दुसरा नमुना किती वेळ तापवला?