गावाचे वर्णन आणि गावाचे छायाचित्र

रायपूरचे छायाचित्र म्हणून आज बाहेरगावच्या माणसापुढे जे ठेवले जाते, ते बहुधा बुढा तलावाचे असते. सूर्य मावळतो आहे, पाण्यावर केशरी पट्टा पसरला आहे, आणि मध्ये विवेकानंदांच्या भव्य पुतळ्याची काळी आकृती. चित्र चांगले असते. निदान वाईट नसते. प्रकाश जेथे हवा तेथे असतो, क्षितिज तिरके नसते. तथापि अशी पाच-पन्नास चित्रे पाहून झाल्यावर मनात येते, की यात तलाव आहे, सूर्य आहे, रायपूर मात्र कोठेच नाही. सूर्य नागपूरच्या अंबाझरीतही असाच मावळतो. 1877 साली नरेंद्र नावाचा चौदा वर्षांचा मुलगा या गावी आला आणि सुमारे दोन वर्षे येथे राहिला, हे त्या पुतळ्याचे येथे असण्याचे कारण. मावळतीच्या चित्रात ते कारण नाहीसे होते आणि पुतळा केवळ एक डौलदार काळी रेषा होऊन उरतो.

छायाचित्रांविषयी आपल्याकडे जी थोडीबहुत टीका लिहिली जाते, ती प्रकाश, रचना आणि नेमका क्षण या तिघांभोवतीच फिरत राहते. निसर्गचित्राला किंवा व्यक्तिचित्राला ही परिमाणे पुरत असतील. पण माणूस जेव्हा आपल्या स्वतःच्या गावाची नित्याची दृश्ये टिपावयास निघतो, तेव्हा तो चित्रकाराचे काम करीत नसून वर्णनकाराचे काम करीत असतो, असे मला वाटते. आणि वर्णनकाराला कोणते माप लावावयाचे, हे मराठी वाचकाला दुसऱ्या कोणाकडून शिकण्याची गरज नाही. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली निघाले; ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ 1868 साली. शहर हाच ज्याचा नायक, असा गद्यग्रंथ आपल्या भाषेत दीडशे वर्षांपूर्वी निर्माण झाला. बाजार, तलाव, देवळे, धंदे, आगगाडी, नाना जातींचे लोक या साऱ्यांना माडगावकर एकाच पंक्तीला बसवतात. इंग्रजी राज्याविषयीचे त्यांचे कौतुक आज आपल्याला सोसवत नाही, ही गोष्ट वेगळी. पण ज्या रस्त्याने आपण रोज जातो तो रस्ताही लिहून ठेवण्याजोगा आहे, ही जाणीव त्यांच्या ग्रंथात पानोपानी आहे. आणि ती जाणीव म्हणजेच या प्रकारच्या लेखनाचा प्राण.

योगायोग असा, की त्याच 1863 साली त्याच मुंबईविषयी एक छायाचित्रग्रंथही निघू लागला. विल्यम जॉन्सन हा मुंबईत सरकारी नोकरीत असलेला आणि पुढे कॅमेऱ्याच्या धंद्यात शिरलेला इंग्रज. मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या पौर्वात्य वंशांचा व जातींचा संग्रह, अशा अर्थाचे नाव त्याने आपल्या ग्रंथाला दिले. पहिला भाग 1863चा, दुसरा 1866चा. चित्रे कौशल्याची आहेत यात शंका नाही. पागोट्यांच्या घड्या आणि लुगड्यांचे काठ त्यांत इतके स्पष्ट आहेत की वेषभूषेच्या अभ्यासकाला तो ग्रंथ टाळता येणार नाही. परंतु बारकाईने पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. यातील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी, एका उजेडात टिपलेली आहेत आणि त्यांच्या पाठीमागची देवळे, झाडे व वाटा दुसऱ्याच काचेवरून आणून जोडलेल्या आहेत. माणूस उभा आहे, पण जेथे उभा आहे असे दिसते तेथे तो कधी उभा राहिलेलाच नाही. हे केवळ त्या काळच्या तंत्राचे दौर्बल्य नव्हे. ज्याच्या दृष्टीने समोरचा माणूस एका जातीचा नमुना आहे, त्याला तो कोणत्या गल्लीतला, कोणत्या वेळी तेथून चालला होता, हे ठाऊक असण्याचे कारणच नसते. माडगावकरांच्या मुंबईत माणूस आणि जागा यांची अशी ताटातूट कधी होत नाही. एकाच शहराची, एकाच वर्षी सुरू झालेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवली, म्हणजे कॅमेरा यंत्र म्हणून कितीही सत्यवादी असला तरी त्याच्या मागचा माणूस तसा असेलच असे नाही, हे पटते.

येथे कोणी म्हणेल, की जॉन्सन परका होता. गावचाच माणूस कॅमेरा घेईल तर हा दोष आपोआप जाईल. मलाही बरीच वर्षे तसे वाटत असे. पण लखनौच्या दारोगा अब्बास अली यांचा 1874चा संग्रह या समजुतीच्या आड येतो. अब्बास अली हे लखनौच्याच नगरपालिकेत अभियंत्याच्या हाताखाली काम करणारे गृहस्थ. गावाचे पन्नास फोटो आणि सोबत शहराचा एक मोठा नकाशा, अशी त्यांची योजना. नकाशा जोडण्याची कल्पना तर अत्यंत उत्तम; आजही तितके कष्ट कोणी घेत नाही. पण तो संग्रह हाती घेऊन फिरणारा वाचक कोण, असा प्रश्न केला म्हणजे उत्तर मिळते, की 1857चे वेढ्याचे प्रसंग जेथे घडले त्या जागा पाहावयास येणारा इंग्रज प्रवासी. आपल्याच गावाचा माणूस आपल्याच गावातून पाहुण्याच्या डोळ्यांनी चालला आहे. तेव्हा छायाचित्रकार कोठे जन्मला हा मुद्दा गौण होय. चित्र कोणाला दाखवावयाचे म्हणून काढले, हा मुद्दा खरा.

आपल्या रायपूरच्या चित्रांना हा प्रश्न विचारून पाहावा. 2000 सालच्या 1 नोव्हेंबरला गाव राजधानी झाले. तत्पूर्वीही एकदा त्याला असा मान मिळाला होता. 1818मध्ये इंग्रजांनी छत्तीसगढचा कारभार रतनपुराहून येथे आणला, तेव्हा. बिंबाजी भोसल्यांचे रतनपूर त्यानंतर मागे पडले आणि तलावांचे हे गाव पुढे आले. राजधानी झालेल्या गावाला पाहुण्यांसाठी नटावे लागते. त्यामुळे घडी चौक, जयस्तंभ चौक, टाऊन हॉल, महंत घासीदास संग्रहालय ही स्थळे पुनःपुन्हा आणि दर वेळी त्याच कोनातून टिपली जातात. ज्या संग्रहालयाची स्थापना 1875ची आणि ज्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन 1953 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले, त्याचे चित्र काढू नये असे कोण म्हणेल? सोनाखानचे नारायणसिंह यांना 10 डिसेंबर 1857 रोजी या गावात फाशी देण्यात आले आणि त्यांची स्मृती जयस्तंभ चौकाशी जोडली गेली. तेव्हा त्या चौकाचेही चित्र हवेच. माझी तक्रार एवढीच, की ही चित्रे दिव्यांच्या रोषणाईची असतात. चौकात सकाळी कामाच्या शोधात उभे राहणारे लोक, सायकलीला बांधलेली टोपली, पावसात छपराखाली दाटी करणारे शाळकरी मुलगे, यांना त्या चित्रांत जागा नसते. कारण पाहुण्याला ते दाखवावयाचे नसतात.

युजेन आत्जे हा फ्रेंच छायाचित्रकार या बाबतीत आदर्श म्हणून पुढे करावासा वाटतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्याने जुने पॅरिस टिपावयास आरंभ केला आणि 1927 साली मरेपर्यंत तो अवजड कॅमेरा व काचा खांद्यावर घेऊन त्याच कामाला लागलेला होता. आयफेल मनोऱ्याकडे त्याने जवळजवळ पाठच फिरवली. दुकानांची दारे, जिन्यांचे कठडे, चिंध्या गोळा करणारे लोक, रिकाम्या गल्ल्या हे त्याचे विषय. आणि त्यांची नावनिशी तो टिपून ठेवी. स्वतःला तो कलावंत म्हणवीत नसे. चित्रकारांना व ग्रंथालयांना लागणारे दस्तऐवज आपण पुरवतो, एवढाच त्याचा दावा होता. कलावंतांनी त्याला डोक्यावर घेतले ते नंतर. आपल्याकडे क्रम उलटा आहे: कलावंत ही पदवी आधी, नावनिशी लिहिण्याचा कंटाळा कायमचा.

आणि नावनिशीवाचून गावाचे चित्र किती मुके होते, याला छत्तीसगढचे तलाव हा सर्वांत बोलका दाखला आहे. येथील गावोगावच्या तलावांत मध्यभागी सरईच्या, म्हणजे सालाच्या, लाकडाचा एक खांब उभा दिसतो. त्यावर बहुधा एखादा पाणकावळा पंख वाळवीत बसलेला असतो आणि छायाचित्रकार मोठ्या हौसेने त्या पाणकावळ्याचे चित्र काढतो. खांब कशाचा, हे चित्र सांगत नाही. तलाव खोदून झाला म्हणजे त्याचे लग्न लावावयाचे, ही येथील रीत. तो खांब त्या लग्नाची खूण. लग्न न झालेल्या तलावाचे पाणी धर्मकार्याला चालत नाही असे मानणारे लोक होते आणि आहेत. ही चार वाक्ये चित्राखाली असली म्हणजे पाणकावळा लहान होतो आणि खांब मोठा होतो. रायपूर शहरातल्या कंकाली तलावाचेही असेच. पाण्याच्या मधोमध जे दिसते ते एका शिवमंदिराचे शिखर आहे; देऊळ खाली पाण्यात आहे. कॅमेऱ्याला पाण्याखालचे दिसत नाही, तेथे शब्दांनीच बुडी मारली पाहिजे.

काही तलाव तर आता शब्दांतच उरले. राजबंधा हा तलाव होता. आज त्या नावाचे मैदान आहे आणि त्यावर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत. तेलीबांधा अजून पाणी धरून आहे, पण त्याच्या नटवलेल्या काठाला लोक ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणू लागले आहेत. मुंबईच्या त्या रस्त्याविषयी मराठी माणसाला ममत्व असले तरी हे नाव ऐकून त्याला बरे वाटू नये. जुन्या नावात तेली आहे, बांध आहे. म्हणजे कोणीतरी माती वाहिली आणि पाणी अडवले याची आठवण आहे. नव्या नावात केवळ दिव्यांची रांग आहे. जो छायाचित्रकार आपल्या चित्राखाली ‘रायपूरचे मरीन ड्राइव्ह’ असे लिहितो, तो न कळत जॉन्सनचेच कातरकाम करतो: आकृती येथली, पार्श्वभूमी दुसरीकडून आणलेली.

धमतरीच्या छोट्या गाडीची गोष्ट याहून अलीकडची. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी 1900 साली सुरू झाली आणि शतकाहून अधिक काळ गावाच्या वस्तीतून जात राहिली. 2017मध्ये शहरातले तिचे रूळ निघाले आणि त्या पट्ट्यावर रस्ता झाला. शेवटच्या दिवसांतली तिची चित्रे मी खूप पाहिली. हार घातलेले इंजिन, हात हलवणारे लोक. ती पाहून डोळे भरतात, परंतु कळत काही नाही. गाडी धावत होती त्या एखाद्या साध्या मंगळवारी फाटकाशी कोण कोण थांबले होते, डब्यात भाजीच्या टोपल्या कोठे ठेवीत, हे दाखवणारी चित्रे मात्र फार थोडी. आपण गावाकडे दोनच वेळा कॅमेरा रोखतो, उद्घाटनाला आणि निरोपाला. मधल्या एकशेसतरा वर्षांचा हिशेब कोणी द्यावयाचा?

मराठी घरांना या कामी एक विशेष सोय आहे, ती मात्र आपण वापरीत नाही. आपण येथले आहोत आणि थोडे परकेही आहोत, म्हणून ज्या गोष्टी येथल्या माणसाला नित्याच्या वाटतात त्या आपल्या डोळ्यांत भरू शकतात. पोळ्याचाच सण घ्या. विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल ओढतात. येथे त्याच सणाला ‘पोरा’ म्हणतात आणि बाजारात मातीचे, चाकांवर चालणारे बैल मांडलेले असतात. मुलींसाठी मातीचीच चिमुकली चूल, जाते, भांडी. या बैलांचे चित्र घरच्या संग्रहात लावावयाचे झाले तर त्याखाली तिथी कोणती लिहावी? आपल्या पंचांगात ती श्रावणातली अमावास्या, आणि बैल विकणाऱ्या कुंभारणीच्या हिशेबाने भाद्रपदातली. दिवस एकच. दोन्ही तिथ्या लिहिल्या म्हणजे त्या एका ओळीत तात्यापाऱ्यातल्या मराठी घराचा सगळा इतिहास येतो.

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. बुढा तलावाच्या पायऱ्यांवर नऊ माणसे बसली आहेत. बायका नऊवारीत, आजोबा काळी टोपी घालून, एक तान्हे मूल हलल्यामुळे पुसट झालेले. मागच्या बाजूला आजोबांच्या सुबक अक्षरात एवढेच लिहिले आहे: ‘आम्ही सर्व’. साल नाही, नावे नाहीत. लिहिताना त्यांना वाटले असेल, की आम्ही कोण हे का कोणाला सांगावयाचे आहे! गंमत अशी, की आज त्या फोटोत मी सर्वांत अधिक वेळ ज्याच्याकडे पाहतो तो या नवांपैकी नाही. अगदी डाव्या कडेला एक मनुष्य खांद्यावर कावड घेऊन पायऱ्या चढतो आहे. चौकटीने त्याला अर्धा कापला आहे. एक घागर दिसते, एक पाय दिसतो, आणि चेहरा आमच्याकडे वळलेला. घागर कोणत्या मोहल्ल्यात चालली होती, तो कोण होता, हे छायाचित्रकाराने पाहिले नाही आणि आजोबांनी लिहिले नाही.

गेल्या दिवाळीत आत्या आल्या होत्या, तेव्हा तो फोटो त्यांच्यापुढे धरून मी पेन्सिल घेऊन बसलो. सहा नावे त्यांना आठवली. सातव्याविषयी त्यांचे आणि माझ्या वडिलांचे एकमत होईना, तेव्हा दोन्ही नावे लिहिली. ती सर्व मागच्या बाजूस, बसलेल्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे उतरवली आहेत. कावडवाला कडेला असल्यामुळे क्रमाने पहिला त्याचाच नंबर लागतो. तेथे ‘कावड नेणारा, बुढा तलाव’ असे लिहून पुढची जागा रिकामी ठेवली आहे.