सौभद्राची कोशनोंद : काय हवे, काय नको

मराठी संगीत नाटकांवरच्या कोशनोंदी वाचताना एक गोष्ट आम्हांस वारंवार खटकते. नोंद नाटकाची असते. पण ती एखाद्या पुस्तकाची असावी अशा रीतीने लिहिलेली असते. नाटककाराचे नाव, जन्ममृत्यूची साले, कथानकाचा गोषवारा, दोनचार नटांची नावे आणि अखेरीस हे नाटक अजरामर झाल्याची ग्वाही. एवढ्यावर नोंद संपते. संगीत नाटकातले संगीत मात्र नोंदीच्या उंबरठ्याबाहेरच राहते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ समोर ठेवून ही उणीव कोठे आहे आणि ती कशी दूर करता येईल, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रारंभीच हे सांगितले पाहिजे की मराठीला कोशकारांची वाण कधीच पडली नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड सिद्ध केले. पंडित महादेवशास्त्री जोशींनी ‘भारतीय संस्कृतिकोशा’चे दहा खंड दिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि कोणाही साक्षर माणसाला कोशाच्या पानावर दुरुस्ती करण्याची मुभा मिळाली. या शेवटच्या गोष्टीमुळे टीकाकाराची जबाबदारी वाढली आहे. पूर्वी कोशातील उणीव दाखवून आपण मोकळे होत असू. आता ती भरून काढण्याचे कामही आपल्याच पदरी आले आहे.

आता सौभद्राकडे वळू. किर्लोस्करांचा जन्म १८४३ चा, आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि दोनच वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, सौभद्राचा पहिला प्रयोग झाला. परंतु तो पहिल्या तीन अंकांचा होता. पाचही अंकांचे पूर्ण नाटक मार्च १८८३ मध्ये आले. ‘सौभद्र, १८८२’ एवढेच लिहिले म्हणजे तारीख चुकत नाही. पण नाटक कसे घडत गेले, हे वाचकाला कळत नाही. प्रेक्षकांपुढे अर्धे नाटक मांडून मग उरलेले पुरे करणारा नाटककार आणि संपूर्ण संहिता छापून मंडळीच्या हाती देणारा नाटककार यांच्या कामाची रीत वेगळी असते. कोशात हे दोन ओळींत सांगता येते, आणि ते सांगितलेच पाहिजे.

कथानकाच्या उगमाविषयीही अशीच घाई होते. सुभद्राहरण महाभारतातले म्हणून नाटक महाभारतावर आधारित, असे सहज लिहून टाकले जाते. महाभारताच्या आदिपर्वात कृष्णाच्या सल्ल्याने अर्जुन रैवतक पर्वतावरून सुभद्रेचे हरण करतो, हे खरेच. पण बलरामाच्या मनात सुभद्रा दुर्योधनाला द्यावयाची आहे आणि अर्जुन त्रिदंडी संन्याशाच्या वेषात द्वारकेत राहतो, हा धागा भागवताच्या दशम स्कंधात आहे, आणि नाटकाची सारी गंमत तर याच धाग्यावर उभी आहे. घटोत्कचाकरवी सुभद्रेला उचलून नेण्याची युक्ती त्यावर आणखी चढविलेली. म्हणजे नाटककाराने कोठून काय घेतले आणि स्वतःचे काय घातले, हे दाखविल्यावाचून त्याच्या कर्तृत्वाचे माप घेता येत नाही.

मुख्य उणीव मात्र पदांच्या बाबतीत आहे. सौभद्रात शंभराहून अधिक पदे आहेत. आपल्यापैकी ज्यांनी कोकणी तियात्र पाहिले आहे, त्यांना एक भेद चटकन उमगेल. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत ‘इटालियन भुरगो’ रंगभूमीवर आले, तेथून तियात्राची परंपरा मोजली जाते. तियात्रातली कांतारां बहुधा दोन प्रवेशांच्या मध्ये येतात. त्यांचा कथेशी संबंध असेलच असे नाही. सौभद्रात याच्या उलट आहे. तेथे पात्रे पदांतून बोलतात, रुसतात, समजूत घालतात, बेत रचतात. रुसलेल्या रुक्मिणीची कृष्ण मनधरणी करतो ते पद काढून टाकले तर तो प्रवेशच उरत नाही. अशा नाटकाच्या नोंदीत पदांना जागा नसणे म्हणजे पुलाचे वर्णन करताना कमानी वगळण्यासारखे आहे.

पदांना जागा देणे म्हणजे पदांची यादी देणे नव्हे. प्रसिद्ध पदांची पहिली चरणे एकाखाली एक लिहिली की नोंद समृद्ध झाली, असा एक गोड गैरसमज आहे. खरी माहिती पदाच्या डोक्यावर असते. छापील संहितेत पदाच्या वर राग, ताल किंवा ‘चाल’ दिलेली असते. हे पद अमुक जुन्या गाण्याच्या वळणावर म्हणावे, असा तो निर्देश असतो. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, ओवी असे कीर्तनकारांच्या आणि बायकांच्या ओठांवरचे प्रकार घेतले. लावणीची वळणे घेतली. कानडी मुलुखात वाढल्यामुळे कर्नाटकी चालीही उचलल्या. सौभद्र घरोघर पोहोचले ते श्रोत्यांच्या कानांत आधीच मुरलेल्या या सुरांच्या बळावर. पदवार चालींचा तक्ता, तो कोणत्या आवृत्तीवरून घेतला त्याच्या उल्लेखासह, कोशात दिला तर संगीताच्या अभ्यासकाला आणि सामान्य वाचकाला सारखाच उपयोगी पडेल. किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तले; त्यांच्या संहितेवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. तेव्हा या कामात कायद्याची अडचणही नाही.

दुसरी उणीव ‘पहिले’ या शब्दाच्या मोहाची. शाकुंतल हे पहिले मराठी संगीत नाटक, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. परंतु सोकर बापूजी त्रिलोकेकरांचे ‘नल-दमयंती’ त्याच्या आधीचे, १८७९ चे आहे. त्याही मागे गेले तर विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला केलेल्या ‘सीतास्वयंवरा’त गाणे होतेच; आणि तंजावरच्या शहाजीराजांची गेय मराठी नाटके तर सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधीवरची. मग किर्लोस्करांचे मोठेपण कमी होते काय? मुळीच नाही. सूत्रधाराने सर्वांच्या वतीने गाण्याऐवजी प्रत्येक पात्राने आपले पद आपण गावे आणि गद्यपद्याने मिळून कथा पुढे न्यावी, ही रीत त्यांनी अशी बसविली की पुढची पन्नास वर्षे मराठी रंगभूमी तिच्यावर जगली. हे मोठेपण सांगायला ‘पहिले’ या शब्दाची गरज नाही. कोशाने तो शब्द वापरलाच, तर कशात पहिले आणि कोणाच्या मते पहिले, हे त्याच वाक्यात सांगावे.

आख्यायिकांचेही तेच. पारशी मंडळींचा खेळ पाहून किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, ही हकीकत अनेक पुस्तकांत आढळते. ती खोटी आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण हकीकत कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे सांगितली, हे न देता ती घटना म्हणून लिहिली की पुढचा लेखक त्या नोंदीचा आधार देतो, त्याच्या पुढचा त्याचा देतो, आणि आख्यायिका इतिहासाच्या पंगतीला जाऊन बसते. ‘अजरामर’, ‘अवीट’, ‘अलौकिक’ या विशेषणांनाही आम्ही कोशातून सन्मानाने निरोप देऊ. ती रसिकाने बोलावीत. कोशाने प्रयोग कोठे झाले, कोणी केले, किती काळ चालले, हे सांगावे. वाचक योग्य ते विशेषण स्वतः लावील.

आता गायकांविषयी. सौभद्रातली सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी उभी केली. भाऊराव १९०१ मध्ये वारले. हिंदुस्थानात गाणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम सुरू झाले १९०२ च्या अखेरीस, कलकत्त्यात. अवघ्या दीड-दोन वर्षांच्या अंतराने तो आवाज कायमचा हरपला. तो कसा होता, हे आज केवळ लिहून ठेवलेल्या शब्दांवरून समजते. बालगंधर्वांच्या बाबतीत दैव उदार झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्यांच्या काळी गायकामागे ऑर्गन वाजू लागला. आपल्या चर्चमधल्या गायनवृंदाला ओळखीचे असलेले हे पायाने भात्याचे वाद्य युरोपातून येऊन मराठी नाट्यगीताचे सोबती कसे झाले, हाही सौभद्राच्या प्रयोगपरंपरेचाच भाग आहे. पुढे छोटा गंधर्वांचा कृष्ण गाजला. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी हे नाटक गावोगाव जागते ठेवले. २०२२ च्या एका जानेवारी महिन्यात रामदास कामत आणि कीर्ती शिलेदार हे दोघेही गेले. प्रत्येक पिढीने तीच पदे निराळ्या विस्ताराने गायिली, काही पदे गाळली, रात्रभराचे नाटक तीन तासांत बसविले. हे बदल संहितेत सापडत नाहीत. ते नोंदले नाहीत तर भाऊरावांच्या आवाजासारखेच जातील.

यावर कोणी म्हणेल, कोश हा कोश आहे. त्यात एवढा पसारा कसा मावेल? आक्षेप रास्त आहे. परंतु १९९२ मध्ये लंडनहून निघालेला ऑपेराचा चार खंडांचा ग्रोव्ह कोश पाहावा. त्यात एकेका संगीतिकेची नोंद संहिताकार, संगीतकार, पहिल्या प्रयोगाचे स्थळ व तारीख, पात्रे व त्यांच्या आवाजांची जात, कथानक आणि प्रयोगांचा इतिहास अशा ठरलेल्या क्रमाने येते. शिस्त असली की थोडक्यात पुष्कळ सांगता येते. सौभद्राच्या नोंदीचीही पाच अंगे ठरवावीत: संहिता व आवृत्त्या, कथेचे उगम, पदे व चाली, प्रयोग व गायक, आणि टीकाकारांची मते. सुभद्रेच्या मनाविरुद्ध विवाह ठरविणाऱ्या बलरामात त्या काळच्या कुटुंबप्रमुखाचे चित्र पाहावे की नाही, असले प्रश्न शेवटच्या अंगात, त्या त्या टीकाकाराच्या नावावर यावेत. कोशकाराने तेथे स्वतः निवाडा देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. खुल्या कोशाचा नियम असा की ज्याला प्रसिद्ध झालेला आधार नाही ते लिहू नये. मग आजीने सांगितलेली आठवण, पेटीवाल्या काकांनी दाखविलेली चाल, जुन्या प्रयोगाची घरात पडलेली जाहिरात, यांचे काय करायचे? आमचे उत्तर असे की नियम योग्य आहे आणि तो पाळण्याची वाट आपल्या हातात आहे. अशी माहिती आधी नावानिशी, तारखेनिशी छापावी. आपल्यासारखी त्रैमासिके, धर्मग्रामांचे विशेषांक, शाळांच्या स्मरणिका यांसाठीच असतात. एकदा छापले की पुढच्या कोशकाराला आधार मिळतो. छोट्या नियतकालिकांचे हे कार्य कोणाच्या डोळ्यांत भरणारे नाही. पण मोठ्या कोशांचा पाया अशाच विटांचा असतो.

मिरा-भाईंदरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी सौभद्राची काळजी का करावी, असा प्रश्न मनात आला असेल, तर तोही टाळण्यासारखा नाही. ज्या भाषेत फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापविले, ती भाषा आपली आहे; तिच्यातले नाटकही आपलेच आहे. २०२२ मध्ये आपल्या शहरात लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह उघडले. तेथे उद्या सौभद्राचा प्रयोग लागला तर आपली मुले तिकीट काढण्याआधी दूरध्वनीवर कोशाचे पान उघडतील. त्या पानावर नुसती पौराणिक गोष्ट आणि चार विशेषणे सापडली, तर ती परत फिरतील. पदाची चाल त्यांच्या पणजीच्या ओवीशी नाते सांगते, मागे वाजणारा ऑर्गन त्यांच्या चर्चमधल्या वाद्याचा सख्खा भाऊ आहे, एवढे जरी त्यांना तेथे वाचायला मिळाले, तरी ती आत येऊन बसतील.

आणखी एक. सौभद्राची नोंद अपुरी का असेना, आहे. उत्तन, डोंगरी, भाईंदरच्या धर्मग्रामांत सणासुदीला उभ्या राहिलेल्या मांडवांतल्या नाटकांची आणि त्यांतल्या गाण्यांची नोंद करायला बाहेरून कोणी येणार नाही. परक्याच्या वाटावे अशा नाटकाची नोंद नीट करायला शिकलो, तर ती शिस्त आपल्या घरच्या मांडवालाही लावता येईल. ज्यांच्या कपाटात जुन्या प्रयोगाचा कागद असेल त्यांनी त्यावर साल, गाव आणि गाणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. सुरुवात तेवढ्यानेही होते.