पानांची किंमत आणि डावाची समता : ‘मॅजिक : द गॅदरिंग’

ब्रिजमध्ये चारही खेळाडूंना एकाच जोडातून पाने वाटली जातात. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेल्या व १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ने नेमकी हीच समता मोडली. येथे प्रत्येक खेळाडू किमान ६० पानांचा स्वतःचा जोड रचून आणतो. मागणी असलेली दुर्मीळ पाने महाग असतात. मूलभूत भूमीची पाने वगळता एकच पान चारांहून अधिक वेळा घेता येत नाही. परंतु हा नियम संख्येला आवर घालतो, किमतीला नव्हे. त्यामुळे काही डाव पाने पिसण्यापूर्वीच अंशतः ठरलेले असतात, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही.

तथापि दुकानांतील स्थानिक स्पर्धांत रूढ असलेला ‘ड्राफ्ट’ हा प्रकार या आक्षेपाला खेळाच्या आतूनच उत्तर देतो. सामान्यतः आठ खेळाडू मेजाभोवती बसतात. प्रत्येकजण बंद पाकीट फोडून एक पान ठेवतो व उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतो. अशी तीन पाकिटे संपली की हाती आलेल्या पानांतून किमान ४० पानांचा जोड रचायचा. शेजारी काय सोडून देत आहे हे ओळखणे, हेच येथील खरे कौशल्य होय. ब्रिजच्या बोलीशी त्याचे नाते लागते. पाकिटांचे पैसे येथेही मोजावेच लागतात. मात्र ते सर्वांना सारखेच.