पानावरचा मतभेद

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडची मशीद खुदावंतखान महदवीने 1582 मध्ये बांधवली. तिच्यावर शिलालेख आहे. दगडात कोरलेला मजकूर एकच असतो. वाचणाऱ्याने अक्षर लावायचे आणि संदर्भ शोधायचा. पोथीचे तसे नसते. मशिदीनंतर दोनच वर्षांनी, शके 1506 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तोवर हातोहात उतरलेल्या प्रतींत पाठ भरकटले होते. मराठीतल्या सूक्ष्म वाचनाची आणि टीपालेखनाची आजची अवस्था तपासायची, तर सुरुवात या पोथ्यांपासून करावी लागते.

एकनाथांमुळे ज्ञानेश्वरी सावरली. मात्र शुद्ध प्रतीत एकच वाचन उरते. कोणते पाठ बाजूला पडले आणि का, हे वाचकाला दिसत नाही. महानुभाव पंथाची रीत निराळी होती. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात जमवलेल्या लीळाचरित्राची, म्हणजे पंथसंस्थापक चक्रधरांच्या चरित्राची, मूळ प्रत धामधुमीत गेली आणि ग्रंथ आठवणींतून पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. साहजिकच आठवणी जुळेनात. पंथीयांनी हा फरक लपवला नाही. 'शोधु' किंवा 'वासना' अशी खूण करून दुसरी आठवण तिथेच लिहिली. कित्येकदा ती कोणाची, हेही नोंदवले. पुढे केसोबासांनी चक्रधरांची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. प्रसंगातून सुटलेल्या वचनाचा अर्थ भलतीकडे जाऊ शकतो. म्हणून कोणते वचन कोणत्या निमित्ताने निघाले, हे सांगणारे 'प्रकरणवश' रचले गेले. पाठ दाखवणे आणि प्रसंग सांगणे, ही टीपेची दोन्ही मुख्य कामे मराठीत इतक्या लवकर झाली होती.

या पोथ्या आधुनिक वाचकापर्यंत आणणाऱ्यांत वि. भि. कोलते अग्रणी. त्यांचे जन्मगाव नरवेल, मोताळ्याला लागून असलेल्या मलकापूर तालुक्यातले. त्यांनी संपादलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1978 मध्ये प्रसिद्ध केले. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या 1999 च्या जुन्या मराठीच्या कोशाने अभ्यासकाच्या हाती आणखी एक साधन दिले. अर्थाच्या अंगाने सर्वांत धारदार वाचन म. वा. धोंडांचे. 'ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी' मध्ये त्यांनी दृष्टान्तांतले झाड, जनावर, अवजार प्रत्यक्षात कसे असते याचा माग काढला आणि ओवीचा अर्थ तिथून उलगडला. अर्वाचीन कवितेसाठी विजया राजाध्यक्षांचा मर्ढेकरांवरचा ग्रंथ हा तसाच दीर्घ, चिवट वाचनाचा नमुना आहे.

या उंचीशी आजचे सर्वसाधारण चित्र ताडून पाहिले की मन खट्टू होते. बाजारातल्या बहुतेक सार्थ आवृत्त्या ओवीखाली गद्य अर्थ देतात आणि थांबतात. पर्यायी अर्थ असू शकतो, याची चाहूलही लागू देत नाहीत. महाविद्यालयात मार्गदर्शिका मूळ कवितेच्या आधी विद्यार्थ्याच्या हाती पडते. तयार आशय पाठ केलेला मुलगा ओळीपाशी अडत नाही, आणि अडल्याशिवाय वाचन सुरूच होत नाही. केशवसुत, बालकवी, मर्ढेकर यांच्या कवितांचे पाठभेद, प्रथम प्रसिद्धी आणि संदर्भ एकत्र देणारी, विद्यार्थ्याला परवडणारी सटीप आवृत्ती प्रत्येक ग्रंथालयात असायला हवी.

यावरचा उपाय आपल्याच परंपरेत आहे. मेहकर आणि लोणार ही लीळाचरित्रातली स्थळे बुलढाणा जिल्ह्यातच आहेत. इथल्या मराठी विभागांनी त्या लीळा घ्याव्यात, छापील आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात, गावातल्या जाणत्यांना शब्द आणि जागा विचाराव्यात. विद्यार्थ्यांनी टीपा लिहाव्यात, आणि दोघांचे वाचन जुळले नाही तर दोन्ही नावानिशी छापावीत. परीक्षेतही एक कडवे देऊन त्याचे दोन संभाव्य अर्थ आणि प्रत्येकाचा आधार विचारावा. सातशे वर्षांपूर्वी श्रद्धेने भारलेल्या माणसांनी आपल्या परमेश्वराच्या चरित्रातही मतभेद पानावर राहू दिला. तेवढा प्रामाणिकपणा आपल्या वर्गांनी आणि प्रकाशकांनी दाखवला, तरच ही कला पुढे जाईल.