टिळकांचं बेळगावचं भाषण : घोषणा बाजूला ठेवून वाचताना

१ मे ही तारीख सीमाभागातल्या मराठी माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. १९६० साली त्या दिवशी महाराष्ट्र राज्य झालं आणि बेळगाव त्यात नव्हतं. पण त्याच्या ४४ वर्षं आधी, १ मे १९१६ रोजी, लोकमान्य टिळकांनी याच गावात स्वराज्यावर एक लांबलचक मराठी व्याख्यान दिलं होतं. त्याचा उल्लेख आपण करतो तो बहुधा अभिमानापुरता. टिळक आले, बोलले, होमरूल लीग इथं स्थापन झाली, आणि मग आपण थेट जन्मसिद्ध हक्काच्या घोषणेवर उडी मारतो. भाषणात ते नेमकं काय म्हणाले, हे विचारलं की बोलणं थांबतं. म्हणून हा लेख त्या भाषणाच्या मजकुराबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मंडालेहून टिळक जून १९१४ मध्ये सुटले. सुरतेला १९०७ मध्ये काँग्रेस दुभंगली होती, ती फूट अजून मिटायची होती. महायुद्ध चालू होतं. एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावात मुंबई इलाख्याची प्रांतिक परिषद भरली. गांधीही तिथं होते. २८ एप्रिलला होमरूल लीगची स्थापना झाली, जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस. मग १ मेचं हे व्याख्यान, आणि महिन्याभरानं, ३१ मे आणि १ जूनला, अहमदनगरला आणखी दोन. ही तिन्ही एकत्रच वाचायला हवीत, कारण सरकारनं खटला भरला तो या तिन्हींवर मिळून.

गंमत अशी, की ही भाषणं आज इतक्या तपशिलात वाचता येतात त्याचं श्रेय बरंचसं सरकारलाच जातं. सभेत पोलिसांचे लघुलेखक बसलेले असत. त्यांनी मराठी बोलणं टिपून घेतलं, सरकारी भाषांतरकारानं त्याचं इंग्रजी केलं. पकडायला म्हणून जे लिहून घेतलं, ते शेवटी आपल्यासाठी जपलं गेलं.

आता मजकूर. बेळगावच्या व्याख्यानाचा कणा म्हणजे 'सरकार' या शब्दाची फोड. टिळक म्हणतात, सरकार दोन प्रकारचं असतं. एक अव्यक्त, म्हणजे कुठली तरी राज्यसत्ता असणं, ती हवीच. दुसरं व्यक्त, म्हणजे रोज आपल्याशी गाठ पडणारं, नोकरशाहीचं रूप. पहिलं टिकतं, दुसरं बदलत असतं, आणि स्वराज्याचा प्रश्न दुसऱ्यापुरताच आहे. निर्गुण ब्रह्म आणि मायेत सापडलेलं त्याचं रूप, असा दाखला ते देतात. 'गीतारहस्य' जेमतेम वर्षापूर्वी, १९१५ मध्ये बाहेर आलेलं. त्यामुळे हा दाखला त्यांच्या तोंडी अगदी सहज येतो. देव तोच राहू द्या, पुजारी बदला, असा त्याचा घरगुती अवतारही या व्याख्यानांत आहे. कीर्तन-प्रवचनं ऐकलेल्या श्रोत्याला हे समजावून सांगावं लागत नाही. राज्यशास्त्रातला अवघड मुद्दा लोकांच्या ओळखीच्या शब्दांत उतरवणं, ही या भाषणाची पहिली ताकद.

दुसरी ताकद नगरच्या व्याख्यानात दिसते. परका कोण? टिळकांचं उत्तर असं, की परकेपणा धर्मावर किंवा कातडीच्या रंगावर ठरत नाही, हितसंबंधावर ठरतो. या देशाच्या लोकांचं हित पाहणारा मुसलमान असो की इंग्रज, तो परका नाही. स्वतःचं किंवा दुसऱ्याच देशाचं हित पाहणारा तो परका. राष्ट्र म्हणजे कोण, या प्रश्नाचं इतकं व्यवहारी उत्तर त्या काळी फार थोड्यांनी इतक्या सोप्या मराठीत दिलं असेल. याच व्याख्यानांत भाषेप्रमाणे प्रांतांची विभागणी करायला हरकत नाही, हा विचारही येतो. पण तो येतो कारभाराची सोय म्हणून, लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा म्हणून. शेजारच्या भाषेबद्दल वैर त्यात नाही. कानडी-मराठी मिसळलेल्या आपल्या मुलखात हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सरकारला अर्थात यात राजद्रोह दिसला. २३ जुलै १९१६ ला, टिळकांच्या साठीच्या दिवशी, पुण्यात सत्कार आणि लाख रुपयांची थैली, आणि त्याच सुमारास हातात नोटीस. जिल्हा मॅजिस्ट्रेटनं वर्षभराच्या चांगल्या वागणुकीसाठी २०,००० रुपयांचा मुचलका आणि १०,०००चे दोन जामीन मागितले. बॅरिस्टर जिनांनी टिळकांची बाजू मांडली. ९ नोव्हेंबरला मुंबई हायकोर्टात न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

हा निकाल माझ्या मते या भाषणाची सर्वांत चांगली समीक्षा आहे. बॅचलरसाहेबांनी टिळकांची व्यक्त-अव्यक्ताची फोड काही मान्य केली नाही. सरकार माणसांमार्फतच चालतं, सगळ्या सनदी नोकरशाहीवर सरसकट टीका केली तर ती सरकारवरच होते, असं त्यांनी सरळ म्हटलं. म्हणजे भाषणातला सर्वांत हुशार युक्तिवाद कोर्टात पडला. तरी टिळक सुटले, कारण कोर्टानं भाषणं अख्खी वाचली. तुटक वाक्यं न धरता एकूण परिणाम पाहिला. आराखड्याचा एकच कोपरा बघून इमारतीबद्दल मत देऊ नये, हे आम्हा इंजिनीअर लोकांना पहिल्या वर्षी शिकवतात. आपण मात्र या भाषणांचं नेमकं उलटं केलं. एक घोषणा कापून भिंतीवर लावली आणि बाकीची इमारत विसरून गेलो.

पण अख्खं वाचायचं म्हटलं, की अडचणीचं पानही वाचावं लागतं. १९१७ च्या नोव्हेंबरात, याच जिल्ह्यात अथणीला, टिळकांनी आणखी एक भाषण केलं. ब्राह्मणेतर समाज कायदेमंडळात स्वतंत्र प्रतिनिधित्व मागत होते, तेव्हाची ही गोष्ट. तेली, तांबोळी, कुणबी यांना तिथं जाऊन करायचंय काय, अशा अर्थाचं ते बोलणं होतं, आणि ते लोकांना लागलं. ज्यांना 'तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी' म्हणून हिणवलं गेलं आणि ज्यांनी ते बिरुद म्हणून मिरवलं, त्यांच्याच तोंडून हे यावं! काही जण हे भाषण झाकून ठेवतात, काही जण तेवढंच पुढे करतात. मला दोन्ही पटत नाही.

नगरचा निकष अथणीला लावून बघा. लोकांचं हित कोण पाहतो, यावर आपला-परका ठरायचा असेल, तर तेल्याचं हित तेल्याला विचारल्याशिवाय कसं कळणार? इंग्रज अधिकाऱ्याला टिळक जो प्रश्न विचारत होते, म्हणजे आमचा कारभार आमच्या वतीनं तुम्ही का करायचा, तोच प्रश्न कुणबी टिळकांना विचारत होता. आणि विचारायची भाषा त्याला टिळकांच्याच स्वराज्याच्या मागणीत तयार मिळत होती.

थोर राजकीय भाषणं राष्ट्राच्या ओळखीसाठी अजून का लागतात, याचं माझं उत्तर हेच आहे. वक्ता थोर होता म्हणून ती लागत नाहीत. चांगलं भाषण लोकांच्या हातात एक माप देऊन जातं, आणि ते माप वक्त्यालाही चुकवता येत नाही. घोषणेचं तसं नाही. ती फक्त म्हणता येते, तिनं काही मोजता येत नाही.

तेच माप आज आपल्यालाही लावायला हवं. सीमाभागातल्या भांडणात 'परका' हा शब्द दोन्ही बाजूंनी किती सहज फेकला जातो, ते आपण बघतोच. आपल्या भाषेतल्या शाळेची, आपल्या भाषेतल्या सरकारी कागदाची मागणी टिळकांच्या मापात बसते. शेजाऱ्याला त्याच्या भाषेवरून परकं ठरवणं बसत नाही.

इतिहासप्रेमी मंडळींना एकच सुचवणं आहे. बेळगावातला तो दिवस साजरा करायचा असेल, तर बेळगावचं एक, नगरची दोन, हायकोर्टाचा निकाल आणि अथणीचं भाषण असं सगळं एका बैठकीत मोठ्यानं वाचावं. दोन-तीन तास जातील. हार-तुऱ्यांना वेळ कमी पडला तरी चालेल.